आईजवळ राहायचं की शिबिराला जायचं? ‘ख्रिस्त पहिला’ म्हणताना नेमकं काय म्हणतो आपण

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि उत्तर लिहायच्या आधी एक रात्र जाऊ दिली. घाईत उत्तर देण्यासारखा तो नाही.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. तुमचं वय सत्तावीस. तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा झाला आणि घरात विश्वासणाऱ्या तुम्ही एकट्याच. आईच्या खुब्याचा सांधा बदलायची शस्त्रक्रिया ठरली आहे. नंतर पाच-सहा आठवडे तिच्याजवळ कोणीतरी लागेल, आणि भाऊ म्हणतोय तू ये. नेमकं त्याच दिवसांत मंडळीचं आठ दिवसांचं शिबिर आहे आणि तिथल्या मुलांच्या वर्गाची जबाबदारी तुमच्यावर आहे. गटाच्या पुढाऱ्यांनी सांगितलं, ‘नांगराला हात घातल्यावर मागं पाहायचं नसतं.’ तिकडे वडिलांनी अट घातली आहे की घरी यायचं तर घरच्या धार्मिक विधीत सगळ्यांसारखं बसायचं, नाहीतर येऊच नकोस. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘मी घरी गेले तर देवाला दुसऱ्या जागेवर ठेवलं असं होईल का?’

मी चौतीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली. हा प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी माझ्याकडे इतक्यांदा आला आहे की आता आधी उत्तर देतो आणि कारणं मागून सांगतो. आईजवळ जा. वडिलांची अट मानू नका. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतील, पण दोन्ही एकाच विश्वासातून निघतात. तुमची अडचण अशी झाली आहे की दोन वेगळ्या गाठी एकाच दोरीत आवळल्या गेल्या. एका गाठीत खरोखर ख्रिस्त की घर असा प्रश्न आहे. दुसरीत तो नाहीच, कोणीतरी तो आणून ठेवला आहे.

त्याआधी एक गोष्ट, कारण काही बाबी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि तुमच्या घराची मला माहिती नाही. वडिलांनी कधी हात उचलला असेल, घरात कोंडून ठेवण्याची, ओळखपत्रं किंवा फोन काढून घेण्याची, जबरदस्तीनं लग्न लावण्याची भीती असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवा. आधी विश्वासातल्या दोन-तीन माणसांना कल्पना द्या, राहण्याची जागा घराबाहेर ठरवा आणि आईला रुग्णालयातच भेटा. छळ सोसणं वेगळं आणि धोक्यात आपणहून चालत जाणं वेगळं. एका गावात तुमचा छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असं प्रभूनंच शिष्यांना सांगितलंय (मत्तय १०:२३). तुमच्या लिहिण्यावरून मला वाटतं की वडील रागावलेले आहेत, दुखावलेले आहेत, पण धोकादायक नाहीत. तसं असेल असं धरून पुढे लिहितो.

आता ते वचन, ज्यानं तुमची झोप उडाली आहे. लूक १४:२६. कोणी माझ्याकडे येतो आणि आपल्या बापाचा, आईचा, बायकोचा, मुलांचा, भावाबहिणींचा, इतकंच काय स्वतःच्या जिवाचाही द्वेष करत नाही, तर तो माझा शिष्य होऊ शकत नाही. हे वचन सौम्य करून सांगणारे पाळक मला आवडत नाहीत. ते कठोर आहे आणि कठोरच राहायला हवं. पण त्यातला ‘द्वेष’ कसला, हे शास्त्रालाच विचारावं. उत्पत्तीच्या २९व्या अध्यायात याकोबाची राहेलवर लेआपेक्षा जास्त प्रीती होती असं एका ओवीत येतं, आणि लगेच पुढच्या ओवीत लेआला नावडती म्हटलंय. मूळ इब्री शब्द द्वेषाचाच आहे. म्हणजे दोघांपैकी एकाला निवडायची वेळ आली की जो मागे राहतो त्याच्यासाठी ती भाषा हा शब्द वापरते. मत्तयानं हेच वचन देताना ते उलगडून दिलंय: जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही (१०:३७). प्रश्न ‘अधिक’चा आहे. आईवर किती प्रीती करावी याला या वचनात कुठेही वरची मर्यादा घातलेली नाही. ख्रिस्तावर तिच्याहून जास्त असावी, एवढंच.

आणि हे वचन कधी लागू होतं? निवडायची वेळ आली म्हणजे. ती वेळ खरोखर आली आहे का, हे तपासल्याशिवाय ते कोणाच्या डोक्यावर ठेवू नये.

तुमच्या पुढाऱ्यांनी वापरलेलं नांगराचं वचन लूक ९:६२चं. एक माणूस म्हणतो, प्रभू, मी तुझ्यामागे येईन, पण आधी घरच्यांचा निरोप घेऊन येतो. त्याला हे उत्तर मिळतं. याच्या मागे एक जुनी गोष्ट उभी आहे. एलीया संदेष्ट्यानं अलीशाला आपल्यामागे बोलावण्यासाठी त्याच्यावर झगा टाकला तेव्हा अलीशा बैलांच्या बारा जोड्यांमागे नांगरत होता. त्यानं आईबापांचं चुंबन घेऊन येतो म्हटलं, आणि तो गेला, लोकांना जेवू घातलं, मग एलीयाच्या मागे निघाला (१ राजे १९). प्रभूचं मागणं एलीयापेक्षा कडक आहे, हे खरं. माझ्या समजुतीप्रमाणे त्या माणसाची अडचण निरोपात नव्हती, ‘पण आधी’ या दोन शब्दांत होती. असा ‘पण आधी’ आयुष्यभर पुरतो. त्या माणसाला बोलावणारा ख्रिस्त समोर उभा होता. तुम्हाला मात्र ख्रिस्तापासून कोणी दूर बोलावत नाहीये, शिबिरातून बोलावतंय. शिबिर चांगलं आहे, मी स्वतः कितीतरी घेतली. पण शिबिराचं वेळापत्रक म्हणजे नांगर नव्हे, आणि आजारी आईकडे जाणं म्हणजे मागं पाहणं नव्हे.

पेत्राचंच बघा. आम्ही सर्व सोडून तुझ्यामागे आलो, असं तो म्हणतो. आणि तरीही मार्कच्या पहिल्याच अध्यायात, मासेमारीची जाळी सोडून तो शिष्य झाल्यानंतर थोड्याच ओळींनी, सगळे त्याच्या घरी जातात, सासू तापानं पडलेली असते आणि प्रभू तिचा हात धरून तिला उठवतो. पुढे कित्येक वर्षांनी पौल लिहितो की केफा, म्हणजे हाच पेत्र, प्रवासात आपल्या बायकोला बरोबर घेऊन फिरतो (१ करिंथ ९:५). त्यानं घरावरचा हक्क प्रभूला दिला होता. घरची माणसं मात्र त्याच्यापाशीच राहिली, आणि सासू तापातून उठली.

आता ज्या उताऱ्याकडे मला तुम्हाला न्यायचंय तो आहे मार्क ७:९-१३. घर आणि देव यांच्यावर बोलताना हा उतारा फार कमी वेळा वाचला जातो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू.

त्या काळी एक प्रथा होती. माणूस आपल्या मिळकतीबद्दल ‘कुर्बान’ असं म्हणायचा, म्हणजे हे देवाला अर्पण झालं. एकदा तो शब्द उच्चारला की ती मिळकत नवसात अडकली. म्हाताऱ्या आईबापांना तुमच्याकडून जो आधार मिळायचा तो मग मिळत नसे, आणि धर्मशिक्षक म्हणत, ठीक आहे, नवस देवाचा आहे, तो मोडता येत नाही. मुलगा वाईटही दिसत नसे, उलट भक्त दिसे. प्रभू या प्रकारावर संतापलेला दिसतो. तुम्ही तुमच्या परंपरेनं देवाचं वचन रद्द करता, असं तो परूशांना, म्हणजे नियम कडकपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना, म्हणतो. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही आज्ञा तो तिथे उद्धृत करतो, आणि मान म्हणजे तिथे पाया पडणं नाही, गोड बोलणंही नाही. मान म्हणजे औषधाचा खर्च, जेवण, उठवणं-बसवणं. ज्या तोंडानं ‘बापाचा आणि आईचा द्वेष’ म्हटलं, त्याच तोंडानं ‘देवाचं नाव घेऊन आईबापांना सोडू नका’ असंही म्हटलंय. एकच वचन घेऊन दुसरं टाकायची मुभा आपल्याला नाही.

पौलानं तर तीमथ्याला आणखी कडक लिहिलं: जो स्वकीयांची आणि विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही त्यानं विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट (१ तीमथ्य ५:८). विचार करा, ताई. आईजवळ गेल्यानं विश्वास नाकारला जाईल की काय, ही भीती तुम्हाला आहे. पौल म्हणतो, न गेल्यानं तो नाकारला जाऊ शकतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं.

माझ्या सेवेचं सहावं वर्ष होतं. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि धाकटी बहीण त्यांच्याजवळ होती. त्याच आठवड्यात एका ठिकाणी चार दिवसांच्या सभा होत्या आणि शेवटच्या संध्याकाळी मी बोलणार होतो. दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला, ‘दादा, ते तुला विचारतायत, कधी येतोस?’ मी म्हणालो, सभा संपली की लगेच. वडील स्वतः विश्वासणारे होते, त्यांना समजेल असं मी धरून चाललो. शेवटच्या संध्याकाळी बोललो तो उतारा लूक ९चाच होता, मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे. लोक रडले. सकाळी पहिल्या गाडीनं निघालो. पोहोचलो तेव्हा वडिलांची वाचा आदल्या रात्रीच गेली होती. त्यानंतर ते चार दिवस जगले, डोळ्यांनी ओळखत होते की नाही मला सांगता येणार नाही.

बहिणीनं एक वही केली होती. रेघांची, शाळेची साधी वही. किती वाजता औषध, किती दूध, कूस किती वाजता बदलली, सगळं तिच्या बारीक अक्षरात. मी गेल्यावर तिनं काही न बोलता ती माझ्या हातात दिली, पुढच्या औषधाची वेळ मला कळावी म्हणून. त्या संध्याकाळच्या पानावर दुधाच्या आणि गोळीच्या मध्ये दोन ओळी होत्या. ‘७.४० – दादाचं नाव घेतलं.’ ‘८.१५ – परत घेतलं.’ सव्वाआठला मी व्यासपीठावर होतो.

तो माझा त्याग आहे असं मी तेव्हा समजत होतो. वहीत बघितल्यावर कळलं की किंमत मी दिलीच नव्हती. वडिलांनी दिली आणि बहिणीनं दिली. माझ्या वाट्याला तर चांगली सभा आली.

तेव्हापासून विश्वास आणि घर यांच्या ओढाताणीत कोणी सल्ला मागितला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुम्ही जो त्याग म्हणताय, त्याची किंमत नेमकं कोण देणार आहे? वधस्तंभ उचलायला प्रभूनं सांगितलं तो स्वतःचा. तुम्ही शिबिराला गेलात तर रात्री आईला उठवून बसवायला भाऊ असेल किंवा कोणीच नसेल. किंमत त्या दोघांची आणि नाव तुमच्या समर्पणाचं, असा तो व्यवहार होईल. उलट घरी गेलात तर शिबिरातला आनंद, पुढाऱ्यांची शाबासकी, मैत्रिणींची सोबत हे सगळं तुमचं जाईल, आणि रविवारच्या उपासनेलाही तुम्ही मुकाल. ती किंमत तुमची स्वतःची आहे. मला विचाराल तर या प्रसंगी शिष्यपण तिकडे आहे.

ही कसोटी सगळीकडे लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. काही वेळा ख्रिस्ताला धरून राहिलं की दुसऱ्यांना दुःख होणारच, ते टाळताच येत नाही. कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंना आधी न सांगता. त्या बातमीनं त्या बाईंची काय अवस्था झाली, नंतरची वर्षं ताटातुटीत कशी गेली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. टिळकांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही, त्यांना खऱ्या हाकेला ओ द्यायची होती. पण ती बातमी ज्या रीतीनं लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली त्या रीतीचं ओझं वेगळं होतं आणि ते त्यांच्या एकट्यांच्या वाट्याला आलं, असं मला वाचताना नेहमी वाटतं. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळी. मी बाप्तिस्म्याची तयारी घेताना यातून एक नियम केला होता. जिवाला धोका नसेल तर घरच्यांना आधी स्वतः सांगायचं, समोर बसून. शेजाऱ्यांकडून त्यांना कळता कामा नये.

आता दुसरी गाठ, वडिलांची अट. इथे मात्र प्रश्न खरा आहे. ज्या देवावर तुमचा विश्वास नाही त्याच्यापुढे उपासक म्हणून बसणं ही गोष्ट आईच्या आजारपणाच्या बदल्यातही देता येत नाही. वडिलांचा मान राखायची आज्ञा देणारा देव आणि माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत म्हणणारा देव एकच आहे.

पण ‘नाही’ म्हणायच्या तऱ्हा असतात. इसवी सन २०३मध्ये कार्थेज शहरात पर्पेतुआ नावाची जेमतेम बावीस वर्षांची बाई तुरुंगात होती. पदरात अंगावर पिणारं मूल. वडील ख्रिस्ती नव्हते आणि ते परत परत येऊन विनवत होते. ती त्यांना जवळचं एक भांडं दाखवून म्हणते, याला जे आहे त्याखेरीज दुसरं नाव देता येईल का? तशी मी ख्रिस्ती आहे, मला दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. ती मागे हटली नाही आणि तिला मृत्युदंड झाला. पण तिनं तुरुंगात लिहून ठेवलेल्या मजकुरात माझं लक्ष दुसऱ्याच जागी जातं. चौकशीच्या वेळी अधिकाऱ्याच्या हुकमानं तिच्या बापाला काठीनं मारलं, तेव्हा तिनं लिहिलंय की तो मार जणू मलाच बसला, त्यांच्या म्हातारपणाची मला कीव आली. बापाचं ऐकलं नाही, पण बापाचं दुःख परकं केलं नाही. तुमच्या ‘नाही’मध्ये वडिलांना हे जाणवलं पाहिजे.

म्हणून प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो. दारात उभं राहून, नातेवाइकांसमोर हा विषय काढू नका. जायच्या आधी वडिलांना फोन करा, भाऊ जवळ असताना, आणि एकदाच सांगा. काहीसं असं: ‘बाबा, आईसाठी येतेय. विधीच्या वेळी मला त्यात बसता येणार नाही, मी तेव्हा आईच्या खोलीत असेन. त्या दिवशी येणाऱ्या माणसांचं जेवणखाण, आवराआवर सगळं मी बघते. तुमचा अपमान करायचा नाही मला.’ एवढंच. त्यांच्या श्रद्धेवर एक शब्द बोलू नका. ते रागावले तर ऐकून घ्या. लगेच होकार मिळवायच्या मागे लागू नका. वडीलमाणसाला मागं यायला थोडी जागा आणि थोडा वेळ लागतो.

विधी चालू असताना त्याच घरात असणं चालेल का? इथे विश्वासणाऱ्यांमध्ये मतं वेगळी आहेत आणि प्रत्येकाच्या विवेकबुद्धीवर थोडं सोडावं लागतं. मी नामानाकडे, अरामच्या राजाच्या सेनापतीकडे बघतो. कोड बरं झाल्यावर तो अलीशाला म्हणतो, माझा धनी त्याच्या दैवताच्या, रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची परमेश्वरानं मला क्षमा करावी. अलीशा त्याला व्याख्यान देत नाही, एवढंच म्हणतो, शांतीनं जा (२ राजे ५). नव्यानं विश्वासात आलेल्या आणि परक्या घरात एकट्या असलेल्या माणसाशी देव किती सबुरीनं वागतो ते बघा. जेवणाबद्दल पौलाचा सल्ला आहे की विश्वास न ठेवणाऱ्यानं बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे वाढलेलं खा, चौकश्या करत बसू नका. पण हे मूर्तीला अर्पिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्याच्यासाठी खाऊ नका (१ करिंथ १०:२७-२८). घरात असा, माणसांची सेवा करा, उपासनेत सामील होऊ नका. माझी रेघ इथे आहे. तुमची आणखी अलीकडे असेल तर तीच पाळा. मनाविरुद्ध माझं ऐकू नका.

आणि हे ठासून सांगतो: आईच्या आजारपणाचा उपयोग सुवार्तेसाठी करू नका. मी लोकांना हे करताना बघितलंय, खाटेशी पत्रकं ठेवताना, औषधाच्या वेळी प्रार्थना लांबवताना. खाटेवर पडलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याला ऐकवणं ही साक्ष होत नाही, अडवणूक होते. आईनं विचारलं तर सांगा, मनापासून सांगा. पेत्रही विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतो, आणि तेही सौम्यतेनं (१ पेत्र ३:१५). प्रार्थना करावीशी वाटली तर आधी विचारा, ‘आई, तुझ्यासाठी प्रार्थना करू का?’ ती नको म्हणाली तर मनात करा आणि तिचं कमोड स्वच्छ करा. तेही प्रभूसमोरच होतं.

वडिलांनी खरंच दार उघडलं नाही तर? तर शुश्रूषा बाहेरून करा. जवळपास कोणाकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहा. रुग्णालयातले दिवस तुमचे, घरातल्या रात्री भावाच्या, असं वाटून घ्या. व्यायाम करून घेणारी बाई लावायची झाली तर तिचे पैसे तुम्ही द्या. पगारातला दहावा भाग तुम्ही मंडळीत देता असं लिहिलंय. या दोन महिन्यांत आईच्या खर्चाला तो कमी पडत असेल तर पाळकांना सांगून मोकळेपणानं तिकडे वळवा. कुर्बानचा उतारा वाचल्यावर कोणताही पाळक याला नाही म्हणू शकणार नाही.

पुढाऱ्यांशी भांडू नका. त्यांनी प्रेमानं सांगितलं असेल, तरुणपणी मीही असंच सांगितलं असतं. मुलांच्या वर्गाची तयारी लिहून दुसऱ्या कोणाला नीट सोपवा आणि सांगा की मी आईजवळ जातेय. मात्र एक लक्षात ठेवा. घरचं काही काम निघालं की दर वेळी हेच वचन पुढे येत असेल, घरच्यांशी बोलणं कमी करायला सांगितलं जात असेल, किंवा तुमच्या पगाराचा हिशोब गटाला हवा असेल, तर मुख्य पाळकांकडे जा, आणि तिथेही तेच दिसलं तर दुसरी मंडळी शोधा. तिथे ख्रिस्ताच्या नावानं पहिली जागा दुसऱ्याच कोणीतरी घेतलेली असते.

आणि सगळं नीट करूनही घर जुळलं नाही, असंही होतं. एक तरुण माझ्या मंडळीत होता. त्याचे वडील अकरा वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. तो दर महिन्याला पत्र टाकायचा, एकाचंही उत्तर आलं नाही, आणि वडील तसेच गेले. त्याला मी ‘सगळं चांगल्यासाठी’ असलं काही सांगितलं नाही. आम्ही मार्कचा दहावा अध्याय उघडून बसलो. तिथे प्रभू सोडलेल्यांची यादी देतो: घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं. पुढच्याच ओवीत शंभरपट मिळणाऱ्यांची यादी येते: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि बरोबरीनं छळणूक. दुसऱ्या यादीत बाप नाही. तो बराच वेळ त्या ओवीवर बोट ठेवून बसला. पुढच्या रविवारी आमच्या मंडळीतले एक वयस्क गृहस्थ आपली नेहमीची जागा सोडून त्याच्या शेजारी येऊन बसले आणि मग तिथेच बसू लागले. शंभरपट मिळेल हे वचन मंडळीनं पाळायचं असतं. तुमच्या मंडळीत असं कोणी आहे का, तुम्ही घरी असताना रोज रात्री दहा मिनिटं फोनवर तुमच्याबरोबर प्रार्थना करील असं? नसेल तर आत्ताच पाळकांना सांगून ठरवा. सहा आठवडे एकटीनं काढू नका.

प्रभूच्या स्वतःच्या घरचं विसरू नका. त्याला वेड लागलंय म्हणून घरचे त्याला धरून न्यायला आले होते (मार्क ३:२१). तो त्यांच्याबरोबर गेला नाही. त्याच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, असं योहान सरळ लिहितो. तरी वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण असताना, त्यानं आईला शिष्याच्या हवाली केलं. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात माडीवर प्रार्थनेला जमलेल्यांत त्याची आई आणि भाऊ आहेत.

तर ताई, पुन्हा एकदा क्रमानं. घर सुरक्षित आहे ना, एवढं आधी बघा. शिबिराची जबाबदारी सोपवा. वडिलांना जायच्या आधी फोन करून, विधीत बसणार नाही आणि बाकी सगळं करीन, हे शांतपणे सांगा. आईजवळ राहा. रात्रीच्या प्रार्थनेला एक माणूस ठरवा. शस्त्रक्रियेची तारीख तुम्ही लिहिलेली नाही, पण भावाला आजच सांगा, म्हणजे त्याला रजेचं बघता येईल. आणि जाताना एक साधी वही बरोबर न्या. औषधाच्या वेळा, किती पावलं चालली, रात्री कितीदा उठली, सगळं लिहा, आणि तिनं कोणाची आठवण काढली तर तेही. वडिलांची काढली, तर त्यांना ते पान दाखवा.